शितावरून भाताची परीक्षा

चुलीवर भात रटरटत असतो. तो शिजला की नाही, हे पाहण्यासाठी आई पातेल्यातील सगळा भात चिवडीत बसत नाही. ती पळीने भात खालीवर हलवते, मधली दोनचार शिते काढते आणि बोटांनी चेपून पाहते. शिते मऊ लागली, की ती निःशंक मनाने पातेले खाली उतरवते. घरातील दहा माणसांचे जेवण त्या दोनचार शितांच्या साक्षीवर ठरते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण याच रोजच्या अनुभवातून आली आहे.

ही रीत केवळ स्वयंपाकघरातच चालते असे नाही. धान्याच्या बाजारात व्यापारी पोत्यात पोकळ सळई खुपसतो, तिच्यातून आलेले मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहतो आणि साऱ्या पोत्याचा भाव ठरवतो. दवाखान्यात रक्ताच्या काही थेंबांवरून साऱ्या शरीरातील रक्ताचे गुणदोष समजतात. ज्या संपूर्णाविषयी आपणांस ज्ञान हवे असते, त्या संपूर्णाला ‘समष्टी’ म्हणतात आणि परीक्षेसाठी तिच्यातून घेतलेल्या अंशाला ‘नमुना’ म्हणतात. पातेल्यातील सारा भात ही समष्टी, तर चेपून पाहिलेली शिते हा नमुना होय.

परंतु गाव म्हणजे भाताचे पातेले नव्हे. एक शीत दुसऱ्या शितासारखे असते. एक घर दुसऱ्या घरासारखे असतेच असे नाही. शिवाय पातेले पळीने ढवळता येते, गाव ढवळता येत नाही. म्हणून भूगोलाच्या क्षेत्रभेटीला निघालेल्या विद्यार्थ्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. किती घरांत जाऊन विचारावे, हा पहिला प्रश्न. आणि कोणत्या घरांत जावे, हा दुसरा. पहिला प्रश्न सर्वांना सुचतो. दुसरा पुष्कळांना सुचत नाही, आणि तेथेच घात होतो.

उदाहरणादाखल एक गाव डोळ्यांसमोर आणावे. गावात सहाशे घरे आहेत. मध्यभागी देऊळ, शाळा आणि ग्रामपंचायतीची कचेरी असलेले गावठाण. त्यात तीनशे साठ घरे. ओढ्यापलीकडे एक वाडी. तिच्यात दीडशे घरे. आणि दूर डोंगराच्या पायथ्याशी नव्वद घरांची एक वस्ती. या गावच्या शाळेतील सातवीच्या वर्गाला ‘आपल्या गावातील पाणीपुरवठा’ या विषयावर पाहणी करावयाची होती. वर्गात तीस विद्यार्थी होते. उत्साहाला तोटा नव्हता. मधल्या सुट्टीत दहा मुले वह्या घेऊन बाहेर पडली आणि शाळेच्या आसपासच्या दहा घरांत जाऊन, घरात नळ आहे काय, हे विचारून आली. दहांपैकी नऊ घरांत नळ होता. वर्गनायकाने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, “आपल्या गावातील नव्वद टक्के घरांत नळाचे पाणी आहे.”

वर्गात टाळ्या वाजल्या. मात्र मागच्या बाकावरील एक मुलगी गप्प होती. गुरुजींनी तिला विचारले, “का ग, तुला हे पटत नाही काय?”

ती उठून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “गुरुजी, मी वस्तीवर राहते. आमच्याकडे एकाही घरात नळ नाही. सकाळी शाळेत येण्याआधी मी आणि आई झऱ्यावरून दोन खेपा पाणी आणतो. पण आमच्या घरी कोणी विचारायला आलेच नाही.”

वर्ग एकदम स्तब्ध झाला. फळ्यावरील वाक्य अजून तसेच होते. त्या वाक्यावर विश्वास ठेवून कोणी म्हणाले असते, की या गावाला आता पाण्याची नवी योजना नको, तर त्या मुलीच्या दोन खेपा वर्षानुवर्षे चालूच राहिल्या असत्या. मुले खोटे बोलली नव्हती. दहा घरांत त्यांनी जे ऐकले तेच लिहिले होते. तरीही गावाचे चित्र खोटे उमटले होते.

“आपली चूक कोठे झाली?” गुरुजींनी विचारले. एक मुलगा म्हणाला, “घरे फार थोडी विचारली.” दुसरा म्हणाला, “सगळी घरे एकाच आळीतील होती.” दोघांचेही म्हणणे खरे होते, परंतु या दोन चुका एक नव्हेत. त्यांची कारणे निराळी आणि त्यांवरील उपायही निराळे.

आधी संख्येचा विचार करू. यासाठी एक सोपा प्रयोग आहे. एका मडक्यात सहाशे चिंचोके घ्यावेत. त्यांतील तीनशे चिंचोक्यांना चुन्याचा ठिपका लावून ते वाळवावेत. मग सर्व चिंचोके चांगले कालवून, न पाहता दहा बाहेर काढावेत व ठिपक्याचे किती आले ते मोजावे. मडक्यात निम्म्या चिंचोक्यांना ठिपका आहे हे आपणांस ठाऊक आहे. तेव्हा हातात पाच यावयास हवेत. पण तसे दरवेळी होत नाही. कधी तीन येतात, कधी सात. एखाद्या वेळी दोन किंवा आठसुद्धा येतात. मडके तेच, कालवणे तेच, लबाडी कोणाचीच नाही. तरी उत्तर डगमगते. केवळ योगायोगाने होणारा हा फरक आहे.

आता दहांऐवजी शंभर चिंचोके काढावेत. या वेळी ठिपक्याचे बहुधा चाळीस ते साठ यांच्या दरम्यान येतात. तीस किंवा सत्तर येणे जवळजवळ अशक्य. म्हणजे नमुना मोठा होतो तसतसे उत्तर स्थिर होत जाते. किती स्थिर होते, याचाही एक ठोकताळा आहे. नमुन्यात जितक्या वस्तू असतील त्या संख्येचे वर्गमूळ काढावे, म्हणजे जी संख्या तिनेच गुणली असता ती मूळ संख्या येते ती शोधावी, आणि शंभराला तिने भागावे. जो भागाकार येईल तितक्या टक्क्यांचा फरक इकडे किंवा तिकडे पडू शकतो असे धरावे. नमुना पंचवीसांचा असेल, तर पंचवीसाचे वर्गमूळ पाच. शंभर भागिले पाच म्हणजे वीस. खरे उत्तर पन्नास टक्के असेल, तर नमुना तीस ते सत्तर यांच्या दरम्यान काहीही सांगू शकतो. नमुना शंभरांचा असेल तर फरक दहा टक्क्यांचा, आणि चारशेंचा असेल तर पाच टक्क्यांचा. अशा पाहण्या शंभर वेळा केल्या, तर त्यांतील सुमारे पंचाण्णव वेळा उत्तर या मर्यादेच्या आत राहते. उरलेल्या पाच वेळा ते बाहेरही जाऊ शकते, हे विसरू नये.

या आकड्यांत एक मौज आहे. पंचवीसांवरून शंभरांवर गेले, म्हणजे श्रम चौपट झाले. परंतु फरक मात्र निम्माच झाला. शंभरांवरून चारशेंवर गेले, की पुन्हा श्रम चौपट आणि फरक पुन्हा निम्माच. म्हणून शहाणा पाहणी करणारा नमुना वाटेल तितका वाढवीत बसत नाही. कामासाठी किती नेमके उत्तर पुरेसे आहे, आणि हाताशी माणसे व वेळ किती आहे, या दोहोंचा मेळ घालून तो संख्या ठरवतो.

दुसरी मौज याहून आश्चर्याची आहे. पुष्कळांना वाटते, की गाव मोठे असेल तर नमुनाही त्याच प्रमाणात मोठा हवा. सहाशे घरांतून साठ घेतली, तर साठ हजार घरांच्या शहरातून सहा हजार घेतली पाहिजेत. तसे नाही. घरच्या लहान पातेल्यातील भात असो, की लग्नघरच्या भल्या मोठ्या तपेल्यातील असो, नीट ढवळला असेल तर दोनचार शितेच पुरतात. वरच्या ठोकताळ्यात समष्टीची संख्या कोठेच आली नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शंभर घरांचा नमुना सहाशे घरांच्या गावाविषयी जितके सांगतो, जवळजवळ तितकेच तो साठ हजार घरांच्या शहराविषयीही सांगतो. मात्र समष्टी अगदी लहान असेल, एखाद्या पाड्यावर पंचवीसतीसच घरे असतील, तर नमुन्याच्या भानगडीत न पडता प्रत्येक दारी जाणे हेच उत्तम.

तथापि हा सारा हिशेब एका अटीवर खरा ठरतो. मडक्यातील चिंचोके नीट कालवलेले असले पाहिजेत, म्हणजेच प्रत्येक चिंचोक्याला हाती येण्याची सारखीच संधी मिळाली पाहिजे. ठिपक्याचे सगळे चिंचोके तळाशी राहिले आणि वरचेच उचलले, तर दहा उचला की शंभर उचला, उत्तर चुकणारच. ज्या निवडीत प्रत्येकाला सारखी संधी असते, ज्यात निवडणाऱ्याची आवडनिवड किंवा सोय चालत नाही, त्या निवडीला ‘यादृच्छिक निवड’ म्हणतात. सोडतीतील चिठ्ठी ही यादृच्छिक निवड होय. शाळेजवळ आहेत म्हणून निवडलेली दहा घरे ही सोयीची निवड होय.

सोयीची निवड केवढा मोठा घात करू शकते, याचे एक उदाहरण जगाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि आल्फ्रेड लँडन हे दोन प्रमुख उमेदवार होते. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या एका नामांकित साप्ताहिकाने लोकांचे मत आजमावण्यासाठी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रे पाठवली. त्यांपैकी वीस लाखांहून अधिक परत आली. एवढा प्रचंड नमुना पाहून साप्ताहिकाने निःशंकपणे जाहीर केले, की लँडन निवडून येणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने विजयी झाले. अठ्ठेचाळीस राज्यांपैकी सेहेचाळीस राज्ये त्यांनी जिंकली.

वीस लाख लोक विचारूनही उत्तर उलटे का यावे? साप्ताहिकाने नावे प्रामुख्याने टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून घेतली होती. तो काळ महामंदीचा होता. लाखो लोकांचे रोजगार गेले होते. ज्यांच्या घरी टेलिफोन व दारी मोटार होती, ते बहुतांशी सुखवस्तू लोक होते. आणि बेकार व गरीब लोकांचा कौल त्यांच्याहून निराळा होता. शिवाय मतपत्र परत पाठवणे हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर होते. ज्यांनी ते पाठवले नाही त्यांचे मत काय, हे कोणालाच कळले नाही. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने फारच थोडे, पण समाजाच्या सर्व थरांतील लोक विचारून रूझवेल्ट विजयी होतील असे सांगितले होते, आणि ते खरे ठरले. ते साप्ताहिक पुढे १९३८ साली बंद पडले. शाळेजवळची दहा घरे आणि टेलिफोनच्या यादीतील लाखो नावे यांची जात एकच. दोन्हींत भात ढवळलेला नव्हता.

आपल्या देशाने या शास्त्रात मोठे नाव मिळवले आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस हे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. संख्याशास्त्राची त्यांना विलक्षण ओढ होती. १९३१ साली त्यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्थेची स्थापना केली. बंगालात तागाचे पीक किती आले हे वेळेवर कळणे अत्यंत आवश्यक असे. परंतु लक्षावधी लहान लहान शेतांतून प्रत्येकात जाऊन मोजणी करावयाची म्हटले, तर माणसांची फौज हवी आणि खर्चही अफाट. शिवाय इतक्या माणसांच्या कामावर देखरेख कोण ठेवणार? महालनोबिसांनी १९३७ साली नमुना पद्धतीने तागाची पाहणी सुरू केली. त्यांनी प्रथमच मोठा घास घेतला नाही. आधी लहानशी चाचणी पाहणी केली. एका ठिकाणची माहिती गोळा करण्यास किती वेळ व खर्च लागतो, एका शेतात व दुसऱ्या शेतात किती फरक पडतो, हे जाणून घेतले. आणि त्यावरून पुढच्या नमुन्याची संख्या ठरवली. त्यांची आणखी एक युक्ती होती. एकाच भागात दोन निरनिराळ्या तुकड्या, एकमेकींना न विचारता, स्वतंत्र नमुने घेत. दोघींची उत्तरे जवळजवळ आली, तर विश्वास वाढे. फार दूर गेली, तर कोठेतरी चूक आहे हे तत्काळ उघड होई. पुढे १९५० साली त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. देशातील कुटुंबे कशावर किती खर्च करतात, किती लोकांना काम आहे, असे प्रश्न आजही अशा नमुना पाहण्यांतूनच सोडवले जातात. महालनोबिसांचा जन्मदिवस, २९ जून, हा भारतात २००७ सालापासून संख्याशास्त्र दिन म्हणून पाळला जातो.

याच क्षेत्रातील दुसरे मोठे नाव महाराष्ट्राचे आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते पुढे लंडनला गेले आणि परत आल्यावर शेतीविषयक संशोधनात संख्याशास्त्राचा उपयोग करू लागले. पिकाचा अंदाज घेण्यासाठी शेतात एक लहान चौकोन आखतात, त्यातील पीक कापून मळतात व तोलतात, आणि त्यावरून साऱ्या भागाचे उत्पन्न काढतात. याला पीककापणी प्रयोग म्हणतात. हा चौकोन किती मोठा असावा? लहान चौकोन असेल तर काम झटपट होते आणि पुष्कळ ठिकाणी करता येते. परंतु सुखात्म्यांना आढळले, की फार लहान चौकोनांवरून काढलेले उत्पन्न खऱ्याहून अधिक भरते.

त्याचे कारण साधे आणि मनोरंजक आहे. दोरीच्या अगदी कडेला जी रोपे येतात, ती आतली की बाहेरची, असा प्रश्न कापणाऱ्याला पडतो, आणि त्याचा कल ती आत धरण्याकडे होतो. एक मीटर बाजूच्या चौकोनाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर, पण त्याची कड चार मीटर. पाच मीटर बाजूच्या चौकोनाचे क्षेत्रफळ पंचवीस चौरस मीटर, आणि कड वीस मीटर. म्हणजे लहान चौकोनात दर चौरस मीटरमागे चार मीटर कड येते, तर मोठ्यात एक मीटरहूनही कमी. जितकी कड अधिक तितकी चुकीला जागा अधिक. असे लहान चौकोन हजार घेतले तरी उपयोग नाही. कारण प्रत्येकाची चूक एकाच दिशेने जाते. योगायोगाची चूक संख्या वाढवल्याने कमी होते. पद्धतीची चूक कितीही संख्या वाढवली तरी तशीच राहते. हा भेद ज्याला कळला, त्याला या विषयाचे मर्म कळले. पीककापणीचे प्रयोग आजही गावोगाव होतात, आणि पीक विम्याच्या भरपाईचा हिशेब त्यांवरून केला जातो. दोरी कोठे टाकली जाते, यावर कित्येक शेतकऱ्यांच्या पदरी काय पडणार हे अवलंबून असते.

आता पुन्हा सातवीच्या वर्गाकडे वळू. गुरुजींनी फळा पुसला आणि मुलांनाच योजना आखण्यास सांगितले. तीस विद्यार्थ्यांच्या पंधरा जोड्या झाल्या. एका घरात बोलण्यास सुमारे पाव तास लागतो. जाण्यायेण्याचा वेळ धरून एका सकाळी एक जोडी चार घरे करू शकते. म्हणजे साठ घरे झाली. साठ ही संख्या चौसष्टाच्या जवळची, आणि चौसष्टाचे वर्गमूळ आठ. तेव्हा उत्तरात सुमारे तेरा टक्क्यांचा फरक पडू शकेल. गावचे स्थूल चित्र कळण्यास एवढे पुरेसे आहे, असे वर्गाने ठरवले.

मग निवडीचा प्रश्न आला. गावाचे तीन भाग एकमेकांपासून भिन्न आहेत हे आता सर्वांना ठाऊक झाले होते. म्हणून साठ घरे तिन्ही भागांत त्यांच्या घरांच्या प्रमाणात वाटली. गावठाणाच्या वाट्याला छत्तीस, वाडीच्या वाट्याला पंधरा आणि वस्तीच्या वाट्याला नऊ आली. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीवरून प्रत्येक भागातील घरांची क्रमवार यादी केली. एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून एक उचलली, सात आला. त्यावरून प्रत्येक यादीतील सातवे, सतरावे, सत्ताविसावे, असे दर दहावे घर निवडले. कोणाच्या मामाचे घर टळले, तर कोणाला भांडखोर शेजाऱ्याच्या दारी जावे लागले. पण यादीतील घर बदलावयाचे नाही, हा नियम सर्वांनी पाळला.

पाहणीच्या दिवशी एक नवीच अडचण उभी राहिली. वस्तीवरील दोन घरांना कुलूप होते. एका जोडीने सुचवले, “शेजारचे घर उघडे आहे. तेथे विचारले तर काय बिघडले?” गुरुजी म्हणाले, “कुलूप का लागले आहे, याचा आधी विचार करा. ती माणसे ऊसतोडणीला गेली असतील. जी घरे वर्षातील कित्येक महिने बंद असतात, त्यांची स्थिती उघड्या घरांसारखीच आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता?” मुले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा जाऊन आली. कुलूप तसेच होते. तेव्हा त्यांनी वहीत ‘दोन घरे बंद’ अशी स्पष्ट नोंद केली. न मिळालेले उत्तर ‘मिळाले नाही’ असे लिहिणे, हाही पाहणीचाच भाग आहे.

अखेर हिशेब झाला. गावठाणातील छत्तीसपैकी एकतीस घरांत नळ होता. वाडीतील पंधरांपैकी चार घरांत होता. वस्तीवरील ज्या सात घरांत उत्तर मिळाले, त्यांपैकी एकातही नव्हता. एकूण अठ्ठावन्नपैकी पस्तीस घरे झाली. म्हणजे सुमारे साठ टक्के. तेरा टक्के इकडे व तिकडे धरले, तर खरा आकडा बहुधा सत्तेचाळीस ते त्र्याहत्तर यांच्या दरम्यान असावा. पहिल्या दिवशीचे नव्वद टक्के या मर्यादेच्या किती बाहेर होते!

वर्गनायक फळ्याकडे गेला आणि लिहू लागला, “वस्तीवर एकाही घरात—” गुरुजींनी त्याला थांबवले. “सात घरांवरून नव्वद घरांविषयी इतके ठाम बोलता येईल काय? जे पाहिले तेवढेच लिहा.” तेव्हा ती मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “गुरुजी, वस्तीचे वेगळे सांगावयाचे असेल, तर तेथे आणखी घरे विचारावी लागतील. मी वाट दाखवीन. पुढच्या रविवारी सगळ्यांनी या.”

ती अगदी योग्य बोलली होती. संपूर्ण गावासाठी साठ घरे पुरली, तरी एका भागाविषयी स्वतंत्रपणे बोलावयाचे तर त्या भागाचा नमुनाच पुरेसा मोठा हवा. म्हणून त्या दिवशीच्या अहवालाची शेवटची ओळ वर्गाने अशी लिहिली: “वस्तीवर नऊ घरे निवडली होती. दोन बंद होती. उरलेल्या सातांपैकी एकाही घरात नळ नाही. ही सातही घरे झऱ्याचे पाणी वापरतात. वस्तीवरील सर्व घरांची पाहणी पुढील रविवारी करण्यात येईल.”

त्या ओळीत मोठा आकडा नाही, की ठाम निर्णय नाही. किती जणांना विचारले, कसे निवडले, कोण भेटले नाही आणि अजून काय पाहावयाचे राहिले, एवढेच तिच्यात आहे. पण ज्या घरी आजवर कोणी विचारावयास गेले नव्हते, त्या घराचे पाणी आता गावाच्या हिशेबात आले होते.

स्वाध्याय

१. ‘समष्टी’ आणि ‘नमुना’ यांतील फरक घरातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. पहिल्या पाहणीत मुले खोटे बोलली नव्हती. तरी गावाचे चित्र खोटे का उमटले?
३. नमुना चारशेंवरून सोळाशेंवर नेला, तर उत्तरातील फरक किती टक्क्यांवर येईल?
४. कारणे लिहा: (अ) १९३६ सालच्या साप्ताहिकाचा अंदाज चुकला. (आ) फार लहान चौकोनातील पीककापणीवरून उत्पन्न अधिक भरते. (इ) कुलूप असलेल्या घराऐवजी शेजारचे घर घेऊ नये.
५. सहाशे चिंचोक्यांचा प्रयोग वर्गात करा. दहा, पंचवीस व शंभर चिंचोके प्रत्येकी दहा वेळा काढून उत्तरांचा तक्ता तयार करा.
६. आपल्या शाळेतील विद्यार्थी शाळेत कसे येतात, पायी, सायकलने की वाहनाने, याची पाहणी करावयाची आहे. किती विद्यार्थी निवडाल, कसे निवडाल आणि गैरहजर विद्यार्थ्यांची नोंद कशी कराल, ते लिहा.